मधवाल्याची बायको

"एकच माशी हो डॉक्टर," मधवाला म्हणाला. "मला रोज चावतात. मी खाजवतसुद्धा नाही."

बायको शेजारच्या खुर्चीत बसली होती. ओठांची सूज उतरली होती, डोळ्यांची अजून नव्हती. परवा स्वयंपाकघराच्या दारात तिला मानेवर माशी चावली आणि हातातलं पातेलं खाली ठेवीपर्यंत श्वास अडकला. इथे आणलं तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. मधवाल्याच्या मते ती घाबरली होती, बाकी काही नाही. भित्रा माणूस माश्यांना बरोब्बर कळतो, असं तो गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा, उघड्या हातावर माश्या खेळवत.

"एका माशीत विष असतं कितीसं?" डॉक्टर म्हणाली. "हे विषाने नाही झालं, यांच्या शरीराने केलं. शरीराला पहारा असतो. परकं काही आत आलं की तो ओळखतो आणि लक्षात ठेवतो. यांचा पहारा पिसाळलाय. एक चोर दिसला म्हणून त्याने अख्खं घर पेटवलं."

"मग माझा का नाही पिसाळत?"

"तुम्हाला रोज भरपूर विष मिळतं. तुमच्या पहाऱ्याने केव्हाच हात टेकलेत."

मधवाल्याला हे आवडलं. तो बायकोकडे बघून हसलाही. "पण हिला कुठे माश्या चावतात? ही मधपेट्यांच्या जवळ फिरकतसुद्धा नाही."

डॉक्टरने बायकोला विचारलं, "यांचे कपडे कोण धुतं?"

"मीच. दुसरं कोण धुणार?"

"कसे धुता?"

"आधी झटकते. मग भिजत घालते. झटकताना शिंका येतात, डोळे चुरचुरतात. हे म्हणतात, फार नाजूक झालीस."

डॉक्टर मधवाल्याकडे वळली. "डंखाचं विष कपड्यांवर वाळतं. झटकलं की उडतं आणि नाकातोंडात जातं. पहाऱ्याला सवय व्हावी इतकं ते नसतं, आणि त्याने विसरून जावं इतकं कमीही नसतं. वर्षानुवर्षं यांचा पहारा नुसता डिवचला गेलाय, तुमच्या कपड्यांनी."

मधवाल्याने आपल्या बाहीकडे पाहिलं. त्याला स्वतःची लाज वाटली असेल, असं डॉक्टरला वाटलं. डॉक्टर हुशार होती, पण भाबडी.

"आता नीट ऐका," ती म्हणाली. "पुढची माशी यांच्या जिवावर बेतू शकते. हे इंजेक्शन कायम जवळ ठेवायचं, माशी चावली की लगेच मांडीत टोचायचं. यावर लस आहे, पण तिचा गुण यायला महिने जातील. तोवर घरामागच्या पेट्या लांब न्या. आजच न्या."

"आज?" मधवाला खुर्चीत पुढे सरकला. "अहो, फुलोरा ऐन भरात आहे. आत्ता पेट्या हलवल्या तर माश्या बावचळतात. बाहेर गेलेल्या जुन्याच जागी परत येतात. पेटी सापडत नाही, मग तिथेच भिरभिरत मरतात बिचाऱ्या. जिवंत जीव आहेत ते, डॉक्टर."

बोलता बोलता त्याचा गळा भरून आला. परवापासून पहिल्यांदाच.

डॉक्टरने बायकोकडे पाहिलं. बायको नवऱ्याकडे बघत होती, अगदी नीट, एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

"पेट्या राहू द्या," ती म्हणाली. "मलाच हलवा. मी काही जुन्या जागी परत येणार नाही."

मधवाल्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

"बघा, किती समजूतदार आहे," तो डॉक्टरला म्हणाला. "फुलोरा संपला की घेऊन येतो हिला."