बिनकठड्याची विहीर

लेकरू झाडाला बांधलेलं बघितलं आणि झुंबरबाईच्या हातातला विळा गळून पडला.

दीड-दोन वर्षांची पोर. कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी, पट्टीचं दुसरं टोक बांधावरच्या लिंबाला. नाक वाहतंय, तोंडाला माती, आणि पोर आपली पट्टी ताणून ताणून पुढं जाऊ बघतीय. झुंबरबाई आली होती कालवडीला उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं न्यायला. बेलापूरच्या शिवारातला हा ऊस तिच्याच घरचा, तोडायला आलेली माणसं मात्र लांबची, तिसगावाकडची.

"अगं आई गं! जनावर हाय का हे?" म्हातारी पुटपुटली. आता नातवंडं खेळवलेलं माणूस ते, त्याला कुठला दम निघतोय? बसली खाली आणि नखानं, दातानं गाठ सोडली. पोर खुदकन हसली. म्हातारीनं तिचं नाक पुसलं, मुका घेतला, मांडीवर बसवलं. मग वाढ्याची पेंढी बांधायला म्हणून तिला खाली ठेवून जरा तोंड फिरवलं. जराच.

फडात मोळी बांधणाऱ्या सुकन्यानं मान वर केली, तेव्हा लिंबाखाली नुसती पट्टी पडली होती.

आई ती. तिनं इकडंतिकडं शोधलंच नाही, सरळ विहिरीकडं बघितलं. विहीर जुनी, खोल, आणि लिंबाकडच्या अंगाला कठडाच नव्हता. गवत असं माजलेलं की जमीन कुठं संपते ते मोठ्या माणसालाही कळू नये. तिची संस्कृती त्या गवतात बसून एकेक ढेकूळ आत टाकत होती. डुबुक झालं की टाळ्या पिटत होती.

झुंबरबाईलाही तेवढ्यात ती दिसली. म्हातारीनं ओरडायला तोंड उघडलं, तोच पळत आलेल्या सुकन्यानं तिच्या तोंडावर हात दाबला.

"वरडू नका, आजी. दचकंल ती."

मग सुकन्या होती तिथंच खाली बसली. आवाज रोजच्यासारखा काढला. "संस्कृती, ऊस खायचा का गं माझ्या बाईला?" आणि उसाचं कांडं दातानं सोलून पुढं धरलं.

पोरीनं वळून बघितलं. पुन्हा विहिरीकडं बघितलं. तिला अजून एक ढेकूळ टाकायचं होतं. टाकलं. देवा रे, तेवढा वेळ काही जाईना! मग ती उठली. टाचेखालची माती सुटून आत गेली, आणि पोर दोन्ही हात पुढं करून डुलत डुलत आईकडं निघाली. हाताला लागेस्तोवर सुकन्या जागची हलली नाही. हाताला लागल्यावर आधी एक रट्टा दिला, आणि मग तिला छातीशी धरून अशी रडली की फडातले कोयते थांबले.

"माझं चुकलं गं, पोरी," झुंबरबाई म्हणाली. "लेकराला बांधलेलं बघवंना मला."

"मला बघवतं व्हय, आजी?"

सुकन्यानं डोळे पुसले. पोरीला लिंबाखाली नेऊन पट्टी पुन्हा तिच्या कमरेला बांधली आणि रडत्या पोरीच्या हातात कांडं दिलं.

झुंबरबाई घरी गेली नाही. वाढ्याची पेंढी तशीच राहिली. ती जाऊन विहिरीच्या त्या उघड्या अंगाला, पाण्याकडं पाठ करून बसली. दुपारी तिचा मुलगा सुनील मोटारसायकलवर शोधत आला. सुकन्या तेव्हा पोरीला भाकर चारत होती.

"आई! तिथं काय बसलीस? पडशील ना आत!"

"आज दिसली व्हय तुला हीर?"

"ऊठ आधी."

"न्हाई उठत. हितं कठडा न्हाई, म्हनून मी बसले. तू बांध, मी उठते."

"बांधू की. म्हनलंय ना, एवढा ऊस जाऊ दे."

"गेल्या साली बी ऊसच जायचा हुता."

सुनीलनं आईकडं बघितलं, लिंबाखाली बांधलेल्या लेकराकडं बघितलं, आणि मान खाली घातली. मग खिशातून मोबाईल काढला. "बरं, उद्या गवंड्याला बलावतो. उद्या म्हंजी उद्या."

सुकन्यानं ते ऐकलं. संस्कृतीच्या कमरेची गाठ एकदा ओढून बघितली आणि कोयता उचलून फडाकडं निघाली.

"थांब गं, पोरी," झुंबरबाई विहिरीवरून म्हणाली. "अजून एक गाठ मार."