बावन्न आणि साठ विहिरी

तुलारामच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ थरथरला आणि उभा राहिला. "इथंच," तो म्हणाला. वावराचा मालक ईश्वर याने घाईघाईने त्या जागी खुंटी ठोकली. बांधावरच्या चार माणसांनी हात जोडले. आंब्याखाली उभा असलेला खेमराज मात्र दुसरीकडेच बघत राहिला.

खेमराज तुलारामचा मुलगा. बाप सिहोरा भागातला नावाजलेला पानाड्या, जमिनीखालचं पाणी सांगणारा. मुलगा भंडाऱ्याच्या कॉलेजात गणिताचा प्राध्यापक, आणि येत्या रविवारी जवाहरनगरला, कारखान्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांपुढे, 'गणित आणि वैज्ञानिक दृष्टी' या विषयावर बोलणार. दिव्याखाली अंधार, असं कोणी तोंडावर म्हणायच्या आत आपणच आपल्या घरचं सांगून टाकावं, असं त्याने ठरवलं होतं.

त्यासाठी दोन उन्हाळे तो सायकल दामटत गावोगाव हिंडला होता. बापाने दाखवलेल्या विहिरी बावन्न निघाल्या. चव्वेचाळीसांना पाणी, आठ कोरड्या. मग त्याने पानाड्याला न विचारता खोदलेल्या साठ विहिरी शोधल्या. एक्कावन्नांना पाणी, नऊ कोरड्या. दोन्हीकडे शंभरात पंच्याऐंशीच! नारळ उभा राहो की आडवा पडो, नदीकडच्या या पट्ट्यात पाणी लागायचं ते लागतंच. गणितात एक अपवाद सापडला की सिद्धान्ताचा निकाल लागतो. इथे आठ विहिरी कोरड्या गेल्या तरी नारळाच्या शेंडीलासुद्धा धक्का नाही, याचा त्याला भारी राग यायचा.

भाषणात दुसऱ्या कोणाच्या बापाचं उदाहरण देणं सोपं होतं. तो भेकडपणा त्याला नको होता. पण बापाला आधी सांगायला हवं, आणि तीन दिवस झाले, जीभ रेटत नव्हती. जेवता जेवता उठायचा, अंगणात चकरा मारायचा, परत येऊन ताटावर बसायचा. उद्यावर ढकलायलाही आता दिवस उरले नव्हते.

माणसं गेली. तुलाराम आंब्याखाली येऊन बसला, गटागटा पाणी प्यायला. खेमराजने खिशातला कागद काढून त्याच्या पुढ्यात धरला आणि बावन्न काय, साठ काय, सगळं एका दमात सांगून टाकलं. रविवारी तुमचं नाव घेणार आहे, हेही सांगितलं. तुलाराम चौथी शिकलेला. एकेका आकड्याखाली बोट ठेवत त्याने कागद शेवटपर्यंत वाचला.

"बराबर हाय," तो म्हणाला.

"बराबर म्हंजे?"

"नारेलात काई नाई, बाबू. पयल्यांदा हाती घेतला तवाच पाह्यलं मी. तुहा जनम बी नव्हता. डोरे बांधून एकाच वावरात तीनदा फिरलो. तीनदा तीन जागी उभा राह्यला."

वर्गात खेमराज प्रयोगाच्या, पुराव्याच्या गोष्टी सांगायचा, पण डोळे बांधून बघायचं त्याला दोन उन्हाळ्यांत सुचलं नव्हतं. क्षणभर त्याला बापाचा अभिमान वाटला. मग तो उसळलाच.

"मंग काहून फसवून राहिले लोकाइले? इतके वर्स?"

तुलारामने आवाज चढवला नाही. "तुही केशर आत्या जलमभर आपल्या घरी काहून राह्यली, कधी इचारलं का तू?"

केशरबाई तुलारामची बहीण. चार वर्षांपूर्वी वारली. चिंचोके मांडून खेमराजला पहिल्यांदा मोजायला शिकवलं ते तिनेच. लग्न झालेली बाई माहेरी का राहते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीला 'का' विचारणारा माणूस, पण घरातलं हे एक 'का' त्याला दिसलंच नव्हतं. त्याची त्याला लाज वाटली.

"लगन होऊन गेली अन् दोन महिन्यांत सासऱ्याची इहीर कोरडी निंगाली," तुलाराम म्हणाला. "पांढऱ्या पायाची म्हनून हाकललं तिले. त्याच्या दुसऱ्याच साली मी नारेल हाती घेतला. मी दाखवलेली इहीर कोरडी गेली का लोक मले शिव्या देतेत. आठ घरच्या खाल्ल्या. पचल्या मले."

मग त्याने कागदावरच्या नऊ या आकड्यावर बोट टेकवलं. "ह्या नऊ माह्याबिगर कोरड्या गेल्या. त्या नऊ घरी शिव्या कोनाले बसल्या, ते नाई लिवलं तू."

खेमराजला ते माहीत नव्हतं असं नाही. त्यातल्या तीन घरांत लोकांनी आपणहून सांगितलं होतं: सून पायगुणाची नाही निघाली, धाडून दिली. तो आकडा नव्हता, म्हणून त्याने टिपून घेतला नव्हता. कागद त्याने पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. एकही बेरीज चुकली नव्हती. कुठेतरी चुकली असती तर बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"मंग रविवारी बोलू काय मी?" त्याने विचारलं.

"खरं हाय तेच बोलजो. माहं नाव बी घेजो. पन ह्या रविवारी नको." तुलाराम धोतर झटकत उठला. "ईश्वरच्या घरी सून येऊन महिना नाई झाला, बाबू. अन् त्याची इहीर अजून खोदाची हाय."