हलका हात

जे. पी. नगरच्या त्या दवाखान्यात मॅमोग्राफीला येणाऱ्या बायका तिथल्या तंत्रज्ञ क्षमासाठी थांबून राहत. यंत्राच्या दोन पट्ट्यांमध्ये स्तन दाबला की जीव कळवळतो. पण कुणी "आई गं" म्हटलं, की क्षमा पट्टी तिथंच थांबवी. भित्र्या पुष्पावती अक्कांना, आईच्या मैत्रिणीला, तिनंच समजावून आणलं होतं.

सत्त्याण्णव साली नवे डॉक्टर आले. फिल्म कशी असावी याचे नियम त्यांनी भिंतीवर लावले आणि वर्षभराच्या फिल्म तपासायला घेतल्या.

"क्षमा, दाब कमी पडलाय. आतलं काहीच दिसत नाही. या सहा जणींना परत बोलवा."

पाच जणींच्या नव्या फिल्ममध्ये काही निघालं नाही; त्या निर्धास्त घरी गेल्या. सहाव्या अक्का. या वेळी क्षमानं पट्टी पूर्ण खाली आणली. "स्वल्प हळू गं, जरा हळू," अक्का कळवळल्या, तरी ती थांबली नाही. फिल्म लख्ख आली. गाठ सुपारीएवढी होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी क्षमा त्यांच्या खाटेपाशी बसली. "अक्का, मी गेल्या वर्षीच नीट दाबलं असतं, तर तेव्हाच कळलं असतं."

 अक्का तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तेव्हा दुखलं असतं, तर परवा तू बोलावल्यावर मी आलेच नसते."

हे खरं होतं की नुसती तिची समजूत घालणं, ते विचारायचं राहूनच गेलं. अक्का उगादीच्या पाडव्यापर्यंतही टिकल्या नाहीत.