एकट्या बाईला खोली नाही

"माझे बूट कुठं गेले?" मात्सुएनं विचारलं.

"उन्हात टाकलेत," किनुयो म्हणाली. "ओले होते."

काल संध्याकाळी बोटीतून उतरताना ते कोरडे होते. मात्सुए पायरीवर बसून बंदराकडे बघत राहिली. वाऱ्यामुळे आज समोरच्या किनाऱ्यावरच्या आतामीला जाणारी एकही बोट सुटणार नव्हती. घरामागं ज्वालामुखी डोंगराच्या तोंडातून वाफ निघत होती.

ओशिमा बेटावर एकट्या बाईला सहसा खोली देत नाहीत. अशा बायका डोंगर बघायला वर जातात आणि परत येत नाहीत. किनुयोनं तर नवरा गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीपर्यंत पाहुणघर बंदच ठेवलं होतं. तो दिवस कालच झाला. आणि संध्याकाळी ही दारात उभी. चेहरा पांढराफटक, हातात एवढीशी पिशवी, परतीचं तिकीट नाही. "माझी आई गेली," इतकंच म्हणाली. तिला कुठं पाठवणार?

"मी जरा डोंगरावर जाऊन येते," मात्सुए म्हणाली.

"अनवाणी?"

"तुमच्या सपाता द्या."

"त्यात तुमचा अंगठा तरी मावेल का? आधी जेवा. खारवलेला मासा भाजलाय. वासानं शेजारी शिव्या घालतात, पण चव बघा."

"भूक नाही."

"मलाही नाही. चला, दोघी मिळून नको म्हणू."

दोघी जेवल्या. खोलीत गाद्या दोरीनं बांधलेल्या होत्या, भांडी कागदात गुंडाळलेली. मांजर किनुयोनं समोरच्या कोळणीला देऊन टाकलं होतं.

"कुठं जायचंय तुम्हाला?" मात्सुएनं विचारलं.

"जायचं होतं. आजच. तुम्ही आलात आणि अडकले."

"लेकीकडे?"

"छे! योरिकोचं आतामीत केवढं मोठं पाहुणघर. तिथं जाऊन काय तिच्या गिऱ्हाइकांच्या चपला मांडू? रोज फोन करते बिचारी. हल्ली मी उचलतच नाही."

"मग जा की तुम्ही. मी काय लहान आहे?"

"वा गं वा! आणि तुला इथं एकटी सोडू?" किनुयो पहिल्यांदाच एकेरीवर आली.

दुपारी तिनं कोट चढवला. "शेजारी जाऊन येते. पाच मिनिटं."

मात्सुए लगेच उठली. "मग मीही निघते. उजेड आहे तोवर वर पोचेन."

किनुयोनं कोट काढून खुंटीला लावला. तासाभरानं पुन्हा घातला. मात्सुए पुन्हा उठली. कोट पुन्हा खुंटीवर गेला.

"भारी हट्टी आहेस."

"आईवर गेलेय."

"तिला आवडलं असतं का हे?"

"विचारायचं राहून गेलं," मात्सुए म्हणाली. "मी कामात होते, दुसऱ्या गावी. ती घरात एकटी. बाबा गेल्यावर सगळं घर तिनं लख्ख आवरून ठेवलं होतं. मला वाटलं, सावरली."

किनुयोनं दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या पट्ट्यात खोवली.

"आता तूही नाही आणि मीही नाही," ती म्हणाली. "मी पाणी तापवते. पाठ चोळून देईन तुझी. हाडं दिसतायत नुसती."

मागच्या अंगणात तिनं लाकडं पेटवली. थोड्या वेळानं तिचं गुणगुणणं ऐकू येऊ लागलं.

मात्सुए हलक्या पावलांनी गल्ल्यापाशी गेली. फोन उचलून तिनं आतामीचा नंबर फिरवला.

"योरिकोताई, मी. मला पाठवलंत ते बरं झालं. तुमची भीती खरी होती, पण तुमच्या आई ठीक आहेत. मला सोडून उंबरा ओलांडत नाहीत. वारा पडला की पहिल्या बोटीनं या. तुम्ही पोचेपर्यंत मी मरायला निघालेलीच आहे."