रिकाम्या पेटीतला श्वास

इंधनाची गळती हुंगणारा आमचा सेन्सर फार नाजूक होता. शेजारी कुणी श्वास सोडला, तरी पडद्यावरची रेघ गवताच्या पात्यासारखी डुले. म्हणून मोजणी चालू असताना श्वास धरायचा, हा आमच्या प्रयोगशाळेचा शिरस्ता.

"कांदा खाल्लास ना? चहाडी केलीय बघ सेन्सरनं," यंत्रं सांभाळणारे काका मला चिडवायचे.

त्या दुपारी शेवटची चाचणी होती. पोलादी पेटीतली हवा पंपानं काढून घेतली होती. आत नुसता सेन्सर, बाहेर काका नि मी. रेघ सपाट राहिली, तर तो गाड्यांत बसणार. हलली, तर आमचं कामच बंद.

रेघ हलली. हळूच चढली, हळूच उतरली, पुन्हा चढली. पाळण्यात निजलेल्या बाळाची छाती हलावी, तशी.

"पोरी, श्वास धर की!"

मी मानेनंच हो म्हटलं. धरलाच होता. मग काकांनीही धरला.

पेटीला ना फट, आत ना वारा, ना वास. तरी रेघ चढत होती, उतरत होती. इतकी निवांत, की काम बुडतंय हेही मी विसरले. काकांनी नकळत डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

शेवटी आमचा दम संपला. दोघांनी एकदमच श्वास सोडला.

त्याच क्षणी रेघ थांबली. अगदी सपाट झाली.

"काका, पास! पास झाला!"

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांची नजर पेटीवरून हलेना.

"हळू बोल," ते कुजबुजले. "आता त्यानं श्वास धरलाय. मोजतोय आपल्याला."