काळ्या गाडीवरचा फेस

"चावी द्या वहिनी. अंधार पडायच्या आत घर गाठायचंय मला," दीर तिसऱ्यांदा म्हणाला.

वहिनीने चावी दिली नाही. तिने फोमच्या बाटलीत टोपणभर शाम्पू ओतला, वर पाणी घातलं आणि दट्ट्या मारायला लागली. वीस वेळा. दिराने मोजलं. मोजायची त्याला खोडच होती. भाऊ जाऊन एकेचाळीस दिवस झाले होते. दारात गाडी एक, घरात माणूस एक, आणि त्या माणसाला गाडी येत नाही. इतकी सोपी वजाबाकी वहिनीला का जमू नये, हे त्याला उलगडत नव्हतं. तो बसने आला होता, आणि परतीची बस किती वाजता आहे हे त्याने विचारलंसुद्धा नव्हतं. उलट पिशवीत गाडीच्या मापाचं नवंकोरं कव्हर घडी घालून आणलं होतं.

"पडून सडेल ती. टायर बसतील. उंदीर वायरी खातील. तुम्ही काय, नुसती बघत बसणार?"

"आधी धुते."

"धुऊन देताय, हे बरं केलंत."

"देते असं मी कुठे म्हटलं?"

दीर हसला. दुःखात बायका अशा हट्टाला पेटतात, चालायचंच. तेवढ्यात बसून तरी बघू म्हणून त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि आत शिरला. शिरला म्हणजे अडकला. गुडघे थेट स्टिअरिंगला भिडले. वरच्या आरशात मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी त्याला स्वतःच्या शर्टाची बटणं दिसली.

"वहिनी, झाडताना सीट पुढे ओढलीत, तर परत जागेवर नको का लावायला?"

"जागेवरच आहे," ती म्हणाली, आणि बाटलीचा खटका दाबला.

तो कसाबसा बाहेर आला. फस्स करून फेस सुटला आणि काळ्या दारावर जाड साय धरावी तसा बसला. वहिनी खालून वर जात होती, पट्ट्याला पट्टा जोडत. हा दादाचाच नाद. चार-पाच वर्षांपूर्वी त्याने हा फवारा आणला, तेव्हा दिराने त्याची भरपूर टिंगल केली होती. "बादली-फडक्याला काय धाड भरली?" दादा म्हणाला होता, "बादलीने कुठे धुतलं, कुठे राहिलं, काही पत्ता लागत नाही. फेसाचं बरं असतं." मग घोड्याला थापटावं तसा सगळ्या गाडीवरून तळवा फिरवत बसला होता.

तसा शेवटी शेवटी दादा जरा विचित्रच झाला होता. दिराच्या दारात हत्ती बांधता येईल एवढी जागा, तरी हा गाडी कोपऱ्यावर लावून चालत यायचा. एका हाताच्या बोटावर चावी गरगर फिरवत, दुसरा हात वहिनीच्या हातात. या वयात! भर रस्त्यात! आणि सख्ख्या भावाला गाडीतून चक्कर मारायची म्हटलं, की "चाल जरा, पोट सुटलंय तुझं." पण ते सगळं माफ होतं. कारण तीन वर्षांपूर्वी दिराचं ऑपरेशन अवघड झालं, रक्त हवं होतं, पूल पाण्याखाली जायच्या बेतात होता, आणि हाच दादा साडेचार तासांचं अंतर तीन तासांत तोडून आला होता. दीर ते आजही येईल त्या पाहुण्याला ऐकवायचा. असा ड्रायव्हर पुन्हा होणे नाही.

गाडी आता सगळी पांढरी झाली होती. वहिनीने पाण्याचा पाइप उचलला. दिराने जाऊन नळ बंद केला आणि त्याला पाठ टेकून उभा राहिला.

"आधी चावी."

"नळ सोडा, भावजी. फेस सुकला तर डाग पडतील."

"पडू देत. माझ्या भावाची गाडी आहे, मी बघीन काय ते."

वहिनीने पाइप खाली टाकला. पदराला हात पुसले. कमरेची चावी काढली, फेसातून चाचपत दाराची मूठ शोधली आणि आत बसली. तिचे गुडघे कुठेही अडकले नाहीत. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. वायपर दोनदा फिरले आणि फेसात दोन स्वच्छ अर्धचंद्र उमटले. एकातून ती समोर बघत होती.

काच खाली आली. "सरका. पंपावर धुऊन आणते."

"वहिनी, उतरा! खेळणं आहे का ते?" दीर नळ सोडून गाडीला आडवा झाला. आवाज चिरकला त्याचा. "अहो, या गाडीने माझा दादा त्या पुरातून आला होता! माझ्यासाठी! तुम्हाला काय कळणार चालवणं म्हणजे काय असतं!"

वहिनीने गिअर टाकला. क्लचवर पाय धरून ती क्षणभर थांबली.

"कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ होती त्यांची. ती त्यांच्याबरोबर संपली. त्या दिवशी रक्त त्यांनी दिलं, भावजी. गाडी मी चालवली. त्याआधी वर्षभर त्यांना काळ्या गाडीवरच्या पांढऱ्या फेसाशिवाय काही दिसत नव्हतं."