सात तांदूळ

घर बांधायचं तर वारल्यानं आधी जमिनीला विचारायचं. धरणात बुडणाऱ्या गावातल्या लाडकूला मोजणीसाहेबानं सिल्वासाजवळ काळीभोर जमीन दाखवली. “ही तुमची.” लाडकूनं तिथं पळसाच्या पानाखाली रात्रभर सात तांदूळ ठेवले. सकाळी साहेबही वाकून बघायला आला. सातही दाणे जागच्या जागी! “जमीन राजी हाय, सायब,” म्हणत लाडकूनं कागदावर अंगठा उमटवला. पाणी चढताच सरकारी ट्रक बिऱ्हाड घेऊन निघाला. त्या जमिनीपाशी थांबलाच नाही, टेकडीवरच्या खडकावर उतरवून गेला. तिथंही लाडकूनं दाणे ठेवले. सकाळी पान होतं, दाणे नव्हते. पान घेऊन तो तडक खाली आला. काळ्या जमिनीवर साहेबाच्या बंगल्याचं भूमिपूजन चाललं होतं. “सायब, वरची जमीन नाय म्हणते.” साहेबानं त्या पानावरच पेढा ठेवला. “बाबा, तुमच्या तांदळांवर विश्वास ठेवूनच तर इथं घर बांधतोय!”